चारशे प्रती

६ फेब्रुवारी १९८७, पांढुर्णा

'जामकाठ'च्या जानेवारी अंकाचा हिशेब आज मिटला. आठशे प्रती छापल्या होत्या. वर्गणीदार, वाचनालयं आणि लेखक मिळून तीनशे साठ गेल्या. उरलेल्या चारशे चाळीस दादाराव काकांनी विक्रीला नेल्या आणि आज चारशे चाळीस प्रतींचे पैसे आणून माझ्यासमोर ठेवले. तीन रुपयांप्रमाणे तेराशे वीस. एकही प्रत परत आली नाही.

हे मला पटत नाही. मुद्रणाच्या पदविकेनंतर नागपूरच्या ज्या छापखान्यात मी सहा महिने शिकाऊ म्हणून काम केलं, तिथे नावाजलेली मासिकं छापली जात. त्यांच्याही प्रती परत यायच्या. शंभरातल्या वीस, कधी तीस. कोपरे दुमडलेल्या, ओल लागलेल्या, कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग पडलेल्या. आमचं हे त्रैमासिक, त्यात संपादकांचा अकरा पानी लेख, मुखपृष्ठावर जाम नदीचा अस्पष्ट फोटो. तरी सगळ्या खपल्या.

दादाराव काका तिगावला रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये आहेत, माझे बाबा होते त्याच. ड्युटी संपली की सायकलवर गठ्ठा बांधून निघतात. त्यांना सहीपुरतं लिहिता येतं, वाचता येत नाही. विक्रीवर एक पैसाही कमिशन घेत नाहीत. हेही मला पटत नाही.

माझं काम व्यवस्थापकाचं. कागद आणणं, जुळणी करून घेणं, प्रूफं तपासणं, छपाई, बांधणी. नोव्हेंबरपासून आहे. पगार महिना तीनशे. लिहिणं, लिहवून घेणं आणि जाहिराती मिळवणं संपादक रघुनाथराव सरांकडे. ते सौंसरला राहतात, शाळेतून निवृत्त झाले आहेत.

खात्री झाल्याशिवाय यातलं काही कुणाशी बोलायचं नाही, म्हणून ही वही.

१० फेब्रुवारी

सौंसरला जाऊन जुनी रजिस्टरं पाहिली. मी येण्याआधी अंक चारशे छापला जाई आणि काका चाळीस प्रती नेत. त्यातल्या नऊ परत आल्या होत्या, एकदा तेरा. मी आले आणि छपाई दुप्पट झाली. काकांचा गठ्ठा चाळिसाचा चारशे चाळीस झाला आणि परत येणं थांबलं.

सरांना विचारलं.

"मागणी वाढली," ते म्हणाले.

"एकदम? अकरा पट?"

"गावोगाव लोक जागे होऊन राहिले, जयवंता." मग त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. जाहिरातीचे पैसे येणार नसतात आणि 'येतील' म्हणून सांगायचं असतं, तेव्हाही ते चष्मा पुसतात.

गावांची यादी रजिस्टरात आहे. लोधीखेडा पन्नास, आणखी सात गावं. आकडे दादाराव काकांचे म्हणून लिहिले आहेत, पण अक्षर सरांचं. सगळे आकडे एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेले दिसतात.

१७ फेब्रुवारी

प्रेसमध्ये भिवाजींकडे गेले. ते आमचे कंपोझिटर, शिशाचे खिळे जुळवणारे. प्रेस मुळात हिंदी कामाची, त्यामुळे 'ळ'चे खिळे मोजून चाळीस. मराठी पान जुळवताना ते संपले की भिवाजी त्या जागी दुसरा खिळा उलटा घालून ठेवतात आणि आधीचं पान छापून सुटलं की त्यातले 'ळ' काढून इथे बसवतात. यात दोन दिवस जातात.

"तुह्या सरले सांग," ते म्हणाले, "काळवेळ पाहून लिवत जा म्हना. पाय, इथंबी दोन ळ गेले!"

मी हसले नाही असं नाही. मग विचारलं, "दादाराव काका व्यवहाराला कसे आहेत?"

त्यांनी हातातली जुळणी खाली ठेवली. "किती वर्सं झाली तुले त्याइले ओयखून?"

"लहानपणापासून."

"मंग मले काऊन इचारून राहिली?"

हे उत्तर नव्हे. भिवाजींचा साळा काकांच्याच गँगमध्ये आहे. तेव्हा त्यांचा शब्द धरता येत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

लोधीखेड्याला जाऊन आले. यादीप्रमाणे तिथे पन्नास प्रती खपल्या आहेत. विहारात विचारलं, शाळेच्या चपराशाला विचारलं, शिंप्याच्या दुकानात विचारलं. दोन प्रती मिळाल्या. दोन्ही टपालाने आलेल्या, म्हणजे वर्गणीदारांच्या. चहावाला म्हणाला, "'जामकाठ' कायचं पुस्तक आहे बाई? नदीवर जाऊन वाचाचं काय?" बाकावरची माणसं बराच वेळ हसली.

पन्नासपैकी शून्य. उरलेली सात गावं पाहण्याची गरज नाही.

२७ फेब्रुवारी

आई डबा विसरून गेली होती म्हणून संत्र्याच्या बाजारात गेले. ती तिथे पेट्या भरते. मृग बहराचा माल निघतो आहे. लाकडी पेटीत खाली गवत, गवतावर कागद, मग संत्री, पुन्हा कागद.

कागद आमचा होता. पान सतरा, पाठीवर अठरा. अठराव्या पानावर वरून तिसऱ्या ओळीत मी स्वतः दुरुस्त करून घेतलेला शब्द होता.

शांताबाई मावशी त्या पेटीवर बसल्या होत्या. त्यांचा नवराही तिगावच्या गँगमध्ये.

"मावशी, हा कागद कुठून आला?"

"कागद का जमिनीतून उगवते? आला कुटून तरी."

"कोणी विकला?"

"कोणी नाई इकला. अवो, हात सोड, गाडी लागली आहे, दिल्लीचा माल हाय." मग बाजूच्या बाईला म्हणाल्या, "पाय वं, पोलीस आली." सगळ्या हसल्या. आई हसली नाही. ती मान खाली घालून संत्री लावत होती आणि तिच्या हातातही आमचंच पान होतं.

"डब्बा ठेव अन जा," ती म्हणाली. "रद्दी असते रद्दी."

लावलेल्या एकतीस पेट्या मोजल्या. झाकण उघडं असलेल्या बारांपैकी नऊ पेट्यांत 'जामकाठ' होतं. बाजूला फाडलेली मुखपृष्ठं पडली होती. दोन घेऊन आले.

२८ फेब्रुवारी

मुखपृष्ठ छापताना निळी शाई साधारण तीनशे साठाव्या प्रतीला संपली होती. नवा डबा उघडला, त्यातली शाई जरा गडद निघाली. मी तेव्हा नोंद करून ठेवली होती. फिकट निळ्या प्रती आधी बांधून झाल्या आणि वर्गणीदारांना गेल्या. गडद सगळ्या काकांच्या गठ्ठ्यात.

बाजारातून आणलेली दोन्ही मुखपृष्ठं गडद आहेत.

म्हणजे काका प्रती रद्दीत घालतात. पण रद्दीचा भाव पाहता सगळ्या गठ्ठ्याचे शंभर रुपयेही होणार नाहीत, आणि त्यांनी तेराशे वीस आणले. बाराशे रुपये पदरचे घालून कोणी चोरी करत नाही. मग हे पैसे दुसरीकडून येतात. जाहिरातीचे असतील. अंकात न छापलेल्या जाहिरातींचे पैसे सर घेत असतील आणि विक्रीच्या नावाने दाखवत असतील. पैसा कुठून येतो ते कळत नसेल, तर तो वाईट जागेवरून येतो असं धरून चालावं.

संध्याकाळी घर झाडताना आईच्या कपड्यांच्या पेटीखाली 'जामकाठ'च्या दहा प्रती सापडल्या. गडद निळ्या.

"पेटीले टेकू देला," आई म्हणाली. "खालून ओल लागते."

आमच्या जमिनीला ओल नाही. आईला वाचता येत नाही. काकांनी तिच्याकडे माल लपवायला दिला असावा. मी प्रती जिथे होत्या तिथे ठेवल्या.

१२ मार्च

सरांना सांगितलं. दोन मुखपृष्ठं, लोधीखेडा, जुनं रजिस्टर, सगळं समोर मांडलं. त्यांनी पानं उलटसुलट केली नाहीत, नुसता हात ठेवला त्यांवर.

"हे मंडळाच्या बैठकीत आणू नकोस."

"का?"

"माणसाचा अपमान होतो."

"पुरावा आहे, सर."

"पुरावा असला म्हणजेच जास्त होतो."

"हे पैसे कुठून येतात, तुम्हाला माहीत आहे?"

त्यांनी आत चहा सांगितला. मी चहा घेतला नाही. त्यांना माहीत आहे. म्हणजे दोघेही.

१५ मार्च, रविवार

'जामकाठ' चालवणाऱ्या मंडळाची बैठक, सरांच्या घरी. सात जण. मी उभी राहून बोलले, आवाज चढवला नाही. मुखपृष्ठं ओळीने ठेवली, आधी फिकट, मग गडद. शाईचा डबा कधी बदलला ते सांगितलं. पेट्यांचा आकडा सांगितला.

काका दाराजवळ बसले होते. नेहमी तिथेच बसतात.

"म्या इकल्या," ते म्हणाले. "तीन रुपयाले एक. पैसे आणून देल्ले."

"कोणाला विकल्या?"

त्यांनी सरांकडे पाहिलं. सर सतरंजीकडे पाहत होते.

"लोकाइले."

"नावं सांगा."

"नावं सांगाची नाई असं ठरलं हाय."

"कोणाशी?"

त्यांनी मांडी बदलली. मग म्हणाले, "तुले चोर पाह्यजे काय, बाई?"

लहानपणापासून ते मला जयू म्हणतात.

काका उठले. गठ्ठा बांधायची कॅनव्हासची पिशवी बरोबर आणली होती, ती चौघडी करून उंबऱ्याच्या आत ठेवली. "एप्रिलचा गठ्ठा दुसरं कोणी नेईन. जय भीम, सर." चपला हातात घेऊनच अंगणाबाहेर गेले आणि रस्त्यावर घातल्या.

इतिवृत्तात लिहिलं: वितरक बदलणे. बरं वाटेल असा अंदाज होता, तसं झालं नाही. पुरावा मात्र कोणी खोडला नाही.

१६ मार्च

आई बोलत नाही. ताट वाढते, सरकवते.

२२ मार्च, रविवार

सकाळी शांताबाई आल्या. आई पाण्याला गेली होती, ती वेळ साधून आल्या असाव्यात. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. पदराखालून दहा प्रती काढल्या आणि माझ्या पुढ्यात टाकल्या.

"हे घे. माह्या घरच्याच्या वाट्याच्या. अजून पेटीत गेल्या नाई. मोज."

"वाट्याच्या म्हणजे?"

"चाळीस माणसं. माणशी दहा पुस्तकं. आता तुले येते हिशेब, कर."

मी म्हटलं, मला समजलं नाही. तेव्हा त्या जे म्हणाल्या ते जसं आठवतं तसं लिहिते.

"दिवाळीले सर आल्ते तिगावले. म्हने पोट्टी शिकून आली, पन नागपुरात नोकरी पाहून राहिली. इथं ठेवाव तं मासिकातून पगार निघत नाई. तं दादाराव म्हने, किती पुस्तकं खपली म्हंजे निघते? सरनं तिथंच पाकिटावर मांडलं. चारशे. दादाराव म्हने, हे तं माणशी दहा झाले. आपल्या गँगची पोट्टी हाय, आपल्यात राह्यली पाह्यजे, माय एकटी हाय तिची. झालं. पगाराच्या दिवशी तीस-तीस रुपये काढले सगळ्याइनं. तुले सांगाच नाई असं ठरलं. तू मोठी मानी."

"मग पेट्यांत?"

"वाचता येते कोणाले? दहा पुस्तकं ठेवून का करू घरात, उंदरं पोसू? पेटीचा कागद आमाले आमच्या पैशानं घ्या लागते, ठेकेदार देत नाई. घरात होता कागद, तं नेला." दारातून वळून म्हणाल्या, "अन तू त्याइले चोर म्हनलं. साती जनाइसमोर."

मी चोर हा शब्द वापरला नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या गेल्यावर आकडे केले. चारशे जादा प्रतींचा कागद, मुखपृष्ठ, बांधणी: तीनशे रुपये. चारशे प्रतींची विक्री: बाराशे. उरले नऊशे. तीन महिन्यांनी भागिले, तीनशे.

अंकाच्या खर्चाचं पत्रक मीच करते. कागद, जुळणी, छपाई, ब्लॉक, बांधणी, टपाल. सगळ्यांत मोठा आकडा शेवटच्या ओळीत असतो, माझ्या पगाराचा, आणि त्या ओळीवर मी कधी शंका घेतली नव्हती.

एक गोष्ट जुळत नाही. तिगावच्या दोन्ही गँग मिळून माणसं एकोणचाळीस आहेत, बाबा गेल्यापासून त्यांची जागा भरलेली नाही. शांताबाई मोजण्यात चुकल्या असाव्यात.

२९ मार्च, रविवार

तिगावला गेले. बोलायचं वाक्य आधी कागदावर लिहून पाठ केलं होतं. काका क्वार्टरसमोर सायकल उलटी करून चाक सरळ करत होते. वाक्य बोलता आलं नाही. कामाचंच बोलले.

"एप्रिलचा अंक चारशेच छापते आहे. पगार मी घेणार नाही."

"काऊन?"

"मला कळलं."

त्यांनी चाक फिरवून पाहिलं, थांबवलं. "कळलं तं बरं झालं. अन चारशे कोणाले इचारून?"

"तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी..."

"आमी भीक देल्ली का तुले?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज वाढला. दोन क्वार्टरं सोडून कोणीतरी बाहेर येऊन उभं राहिलं. "माल घेतला. किंमत मोजून. तू छापलं, आमी घेतलं. आमचं पुस्तक, आमी पेटीत घालू नाईतर चुलीत घालू. दुकानदार गिऱ्हाईकाले इचारते का, बापा, तू साखर घेऊन का केलं?"

मी नाही म्हटलं.

"मंग? आठशे छाप. पयल्यासारखं."

"आणि गठ्ठा तुम्ही..."

"म्या नाई. चोराच्या हाती कोणी माल देते?" ते पुन्हा चाकाकडे वळले. "तू आन. बारा तारखेले सुट्टी आहे सगळ्याइले."

पाणी विचारलं नाही. मी उन्हात स्टेशनवर आले.

२ एप्रिल

सरांना विचारलं, आठशे छापू का. ते म्हणाले, "गिऱ्हाईक काय म्हणते?" मी सांगितलं. "मग छाप." एवढंच. त्यांनी चष्मा पुसला नाही.

पगाराचं मी अजून ठरवलेलं नाही. नागपूरच्या प्रेसचं पत्र आलं आहे, साडेचारशे देतील. उत्तर लिहिलेलं नाही.

७ एप्रिल

मुखपृष्ठ छापलं. या वेळी आठशे प्रतींना पुरेल एवढी शाई सुरुवातीलाच एकत्र घोटून घेतली. पहिली आणि शेवटची प्रत उजेडात शेजारी धरून पाहिली. एकच निळा. आता कोणती प्रत कोणत्या गठ्ठ्यातली, हे मलाही ओळखता येणार नाही.

भिवाजी बघत होते. "इतकी शाई एका टायमाले? उरली तं वाया जाईन."

"जाऊ द्या."

"तू म्हनून राहिली हे?"

बांधणीवाल्याला सांगून चारशे प्रती मी स्वतः पुन्हा चाळल्या. काही राहून गेलं असेल तर आता माझ्यावर आहे.

१२ एप्रिल, रविवार

सकाळच्या पॅसेंजरने तिगाव. चार गठ्ठे, शंभर-शंभरचे. आई बरोबर आली. मी सांगितलं नव्हतं. एक गठ्ठा तिने उचलला, स्टेशनपासून डोक्यावर आणला, माझ्याशी एक शब्द न बोलता. तिथे पोचल्यावर बायकांत जाऊन बसली.

गँगची माणसं क्वार्टरांच्या मधल्या मोकळ्या जागेत होती. अंघोळी झालेल्या, धुतलेले सदरे. मंगळवारी जयंती, तिच्या निळ्या पताका दोरीला लावायचं काम चाललं होतं. मला पाहून ते थांबलं. मी गठ्ठे खाली ठेवले, सुतळी कापली. काही बोलावं लागेल असं वाटलं होतं. कोणी वेळ दिला नाही.

दादाराव काका पुढे आले. तीस रुपये माझ्या हातावर ठेवले, दहा प्रती घेतल्या आणि तिथेच मांडी घालून बसले.

पहिली प्रत उघडली. अंगठा जिभेला लावला आणि एकेक पान मोजायला लागले, मोठ्याने. एक, दोन, तीन. सोळा पानं झाली, छापील पृष्ठं बत्तीस. मुखपृष्ठ उलटं करून पाहिलं, शिवण ओढून पाहिली. ती प्रत डाव्या हाताला ठेवली आणि दुसरी घेतली.

"काका, मी तपासल्या आहेत."

"तपासल्या असतीन." मान वर केली नाही. "पयले आमी असंच घेत जाओ, बिगर मोजता. घरचा माल म्हनून. असं घेत नसते, ते आमाले मालूम नव्हतं. तूच दाखवलं."

कोणी हसलं नाही. मी उभी होते. बस म्हणून कोणी म्हटलं नाही आणि न सांगता बसण्याची ती जागा नव्हती. दहा प्रती, प्रत्येकी सोळा पानं. एकशे साठपर्यंत त्यांनी एकही आकडा गाळला नाही. पानावर काय छापलं आहे तिकडे त्यांनी पाहिलं नाही, पण प्रत्येक पान धरून पाहिलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. प्रती उचलून घेतल्या आणि बाजूला झाले.

मग शांताबाईंचा नवरा पुढे आला. त्याने तीस रुपये दिले, आपल्या दहा घेतल्या आणि त्याच जागी मोजायला बसला. त्याच्यामागे माणसं रांगेत उभी राहिली होती. रांगेच्या शेवटी चाळिसावी आई होती, पदराच्या गाठीतले पैसे सोडत.